कांद्याच्या खोक्यातलं बाळ

ओतिलियाने मातीच्या बाळ येशूला कांद्याच्या खोक्यात लपवलं, वर चार कांदे ठेवले आणि चोरी झाल्याची बोंब मारायला ती बाहेर पडली.

दुसरा इलाज नव्हता. नाताळात गव्हाणीत निजवलेलं बाळ मेरिदा शहरात फेब्रुवारी लागायच्या आत उभं करावं लागतं, तेही गाणी, व्हायोलिन, केक आणि वाईनसकट. जो आळस करतो त्याचं बाळ शेजारी चोरतात. मग गल्लीभर शोधाशोध, चोराच्या घरून मिरवणूक आणि आळस करणाऱ्याने दंड म्हणून द्यायची मेजवानी. ओतिलियाने यंदा मुद्दाम आळस केला होता. जानेवारीभर पुढचं दार सताड उघडं टाकून ती परसात बसायची. आत आलं ते फक्त एक मांजर.

चोरायलाही माणसं लागतात. गल्लीतले बहुतेक जण कामाच्या शोधात चिलीला नाहीतर पेरूला गेले होते. जाणारे दोन बॅगा घेऊन जात आणि घरातली रिकामी खोकी ओतिलियाच्या दारात ठेवून जात. तिच्याकडे खोकं वाया जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोलिनांच्या टीव्हीच्या खोक्यात आता मळके कपडे असत. शाळेतल्या बाईंच्या बुटांच्या खोक्यांचे तिने कप्पे केले होते, दोऱ्यांना आणि औषधांना. साबणाच्या खोक्यात कोथिंबीर उगवली होती. शेवयांची खोकी भिजवून, चुरगाळून तिने गव्हाणीमागचे डोंगर केले होते आणि कॉफीच्या चोथ्याने रंगवले होते. लेक यूलिमार जाताना मिक्सरचं खोकं ठेवून गेली होती. त्याचं काय करावं, हे मात्र तिला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

शेजाऱ्यांना सरळ बोलावता आलं असतं. पण कुणाच्या दारात जाऊन ‘मला एकटीला करमत नाही’ असं म्हणणं तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्यापेक्षा चोरी सोपी.

समोर एवारिस्तो राहायचा, यूलिमारचा धर्मपिता; त्या नात्याने ती त्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणायची आणि तो तिला ‘कोमाद्रे’. एके काळी गल्लीतल्या प्रत्येक बाळापुढे त्याचं व्हायोलिन वाजायचं. आता ते खिळ्याला टांगलेलं होतं, आणि तो ओसरीवर वाटाणे सोलत बसला होता.

“कोम्पाद्रे, माझं बाळ चोरीला गेलं!”

“कुणी नेलं?” त्याने मान वर केली नाही.

“ते कळलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?”

“गल्लीत उरलोय कोण? तुम्ही, मी आणि कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी. त्यांना खुर्चीतून उठायलाच दुपार होते.” त्याने एक शेंग उचलली, निरखली, सोलली. “म्हणजे मीच नेलं असणार.”

ओतिलिया खोटं बोलायची तयारी करून आली होती, ऐकायची नव्हे.

“या वयात लाज नाही वाटत?” ती कशीबशी म्हणाली.

“वाटते ना, कोमाद्रे. रविवारी दुपारी या शोधायला. बहिणींनाही आणा, गातात बऱ्या. आणि दंडाचा केक मागच्यासारखा कोरडा नको, घशात अडकतो.”

घरी येऊन तिने कांदे उचलले. बाळ होतं तिथेच होतं, अंगावर सालं घेऊन. आता पंचाईत अशी, की रविवारी ते समोरच्या घरात सापडायला हवं. तिने बाळ पुसलं. मग स्टुलावर चढून मिक्सरचं खोकं काढलं, त्यात यूलिमारची जुनी शाल अंथरली आणि बाळ निजवलं. माप अगदी बरोबर बसलं. तिला रडू आलं. नाक पुसून तिने झाकण लावलं.

रविवारी सकाळी खोकं पदराआड धरावं तसं शालीखाली धरून तिने चोरपावलांनी गल्ली ओलांडली. एवारिस्तोचं दार सताड उघडं होतं. आत तो व्हायोलिनला नवीन तार लावत बसला होता.

“ठेवा तिथे टेबलावर,” तो म्हणाला. “पहाटेपासून दार उघडं टाकलंय, पाय गारठले माझे.”

ओतिलियाने खोकं ठेवलं. “इतकी हौस होती, तर जानेवारीतच का नाही चोरलंत? माझंही दार उघडंच होतं.”

एवारिस्तोने तार पिळली.

“दोनदा आलो होतो उंबऱ्यापर्यंत. मग वाटलं, दार पोरीसाठी उघडं ठेवलंय. पावलं वाजली असती, तुम्ही लेक आली म्हणून धावत आला असतात आणि दारात दिसलो असतो मी. म्हणून बूट हातात घेऊन परत फिरलो.”