तिसऱ्या गटातली खुर्ची

माझ्या सुनेला माणसंसुद्धा गटांत वाटायची खोड आहे. गप्पांनी म्हातारी माणसं किती आनंदी होतात, या वृद्धाश्रमातल्या संशोधनासाठी तिने तीन गट पाडले: एकाशी रोज गप्पा मारायच्या, दुसऱ्याला नुसता फोन, तिसऱ्याशी बोलायचंच नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि तिथे राहणारी माझी धाकटी बहीण तिसऱ्यात गेली. "नियम म्हणजे नियम, आई," म्हणत सून तिच्या दारावरून मान खाली घालून जायची. बहीण रोज तिच्यासाठी दाराशी खुर्ची मांडायची. आधी बहिणीचं बोलणं थांबलं, मग जेवण थांबलं, मग तीच गेली. आज सून संगणकापुढे डोकं धरून बसली होती. "मावशींचे आनंदाचे गुण शून्य, त्यामुळे गटाची सरासरी कोसळते. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, वगळा. मग तिन्ही गट सारखेच, न बोलल्याने काही बिघडत नाही असंच दिसतं." मी आश्रमातून आणलेली बहिणीची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, म्हटलं, "जिवंतपणी वगळलंस तिला, बये. मेल्यावर तरी मोजणीत धर."