उजवीकडचा पडदा

कुमुदिनीबाईंनी दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर आपला लॅपटॉप उघडला. पडद्यावर दिवाणखाना होता, आरामखुर्ची होती, पण त्यांचे यजमान हेरंबराव नव्हते.

"वारल्यापासून हे ह्यातच राहतात," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला मोठा मॉनिटर जोडला होता, इकडून तिकडे फेऱ्या मारायचे. काल तिकडे उभं राहून माझ्या आमटीला नावं ठेवत होते. चव तरी कळते का आता? मी रागाने वायर उपटली आणि मॉनिटर भंगारवाल्याला देऊन टाकला."

दुकानदार तौफिकने कपाळाला हात लावला. "काकू, लॅपटॉपला वाटतंय मॉनिटर अजून तिथेच आहे. काका तिकडे अडकलेत, इकडे यायचा रस्ताच बंद झालाय."

"मग दुसरा जोड ना!"

"दुसरा जोडला की जुन्याची जागा पुसली जाते, काकांसकट. तोच पाहिजे."

"सकाळी भंगाराच्या दुकानात गेले होते रे. फोडून टाकलाय त्यांनी. एका तुकड्यावर मी दसऱ्याला लावलेलं कुंकू होतं."

तेवढ्यात लॅपटॉपच्या उजव्या स्पीकरमधून आवाज आला. "कुमुद, किती अंधार झालाय. लाईट गेली का गं?"

तौफिकने मान खाली घातली. कुमुदिनीबाई स्पीकरवर वाकल्या.

"हो, अख्ख्या गावातली गेलीय," त्या म्हणाल्या. "येईलच एवढ्यात. तुम्ही आहात तिथेच बसा."