गुत्तेदाराचा टेप

"ताक न्हाई तर न्हाई साहेब, घोटभर पाणी तरी घ्या," म्हणत विहिरीचा ठेका घेतलेल्या गुत्तेदार गुरुपादप्पानं तांब्या पुढं केला.

"नको," शेषेराव म्हणाला अन् त्यानं खांद्यावरची स्वतःच्या पाण्याची छागळ तोंडाला लावली.

चाकूरकडच्या त्या गावात, तेही असल्या दुष्काळात, कुणी दिलेलं पाणी नाकारणं म्हणजे माणूसच तोडणं. पण शेषेरावचा इलाज नव्हता. लातूर जिल्हा नवा झाला, त्याला सरकारी कामं मोजून पास करणारे नवे ओव्हरसियर हवे होते. पोराला नोकरी लागली म्हणून आईनं गावभर साखर वाटली. तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "गुत्तेदाराचं पान खाल्लं, की त्याच्या कामावरचा डोळा मिटला म्हणून समजा." शेषेरावनं ते गाठीला बांधलं. गुत्तेदाराच्या जीपमध्ये बसायचं नाही, चहा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. तीन गावच्या विहिरी त्यानं अशाच कोरड्या घशानं मोजून पास केल्या होत्या. त्यांना पाणी लागलं नाही, पण त्याचा दोष सगळ्यांनी दुष्काळाला दिला. त्याला त्याचा अभिमान होता, अन् का नसावा?

ही चौथी. जुन्या विहिरीचा तळ पंधरा फूट खाली न्यायचा होता. टेपची कडी धरून गुत्तेदाराचा माणूस तळाशी उतरला. शेषेरावनं काठावर आकडा वाचला. पंचेचाळीस. कागदावर आधीची खोली तीस. बरोबर पंधरा! त्यानं सहीला पेन काढलं.

"पंधरा फूट म्हंजे किती हात, साहेब?" तळाच्या डबक्यातून अर्धा पोहरा पाणी शेंदून थांबलेल्या म्हाताऱ्या नागुबाईनं विचारलं.

"दहा."

"मग माझा दोर खोटं बोलतोय व्हय? आधी बरुबर तळाला टेकायचा. खोदल्यावर सातच हाताची जोड लागली."

गुरुपादप्पा हसला. "म्हातारीला काय कळतंय मापातलं!"

शेषेराव हसला नाही. त्यानं टेप वर ओढला अन् कडीचं टोक डोळ्यांजवळ धरलं. कडीलगतचा पहिला आकडा एक नव्हता, सहा होता. पाच फूट कापून कडी पुन्हा शिवलेली, ती पण किती सफाईनं! म्हणजे पंधरा दिसले तिथं खोदाई दहाच फूट. त्या तीन गावांत पाणी का लागलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

"टेप कुणाचा, लेकरा?" नागुबाईनं विचारलं.

"गुत्तेदाराचा."

"आगं माय! पाण्याला शिवला न्हाईस, अन् टेप त्याचाच?"

गुरुपादप्पा जवळ सरकला. "गप करा साहेब. तिन्ही विहिरींवर तुमची सही हाय. आधी नोकरी तुमचीच जाईल."

ते खरंच होतं. शेषेरावला आईनं वाटलेली साखर आठवली. मग त्यानं पेन खिशात ठेवलं, टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

"मावशी, तुमचा दोर द्या. माझ्या सहीच्या तीन विहिरी पुन्हा मोजायच्यात."

"न्ये की," नागुबाई म्हणाली अन् तिनं पोहरा पुढं केला. "पर आधी पाणी पी. मी काय गुत्तेदार न्हाई."