डोंगरावरचा सण

गिरजाबाईंचा प्रफुल्ल कुर्दिस्तानच्या डोंगरात पुरातन वस्तीच्या उत्खननावर होता. गुढीपाडव्याच्या सुमारास त्यानं फोनवर शिखराशिखरांवरचे जाळ दाखवले होते. “आई, इथलं नवीन वर्ष. हजारो वर्षांपासून असंच पेटवतात.” आज तान्हा पोळा. गॅलरीखालची मारबतीची, गावाची पीडा घेऊन जळणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक दाखवायला त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. प्रफुल्लच्या पाठीमागचा डोंगर भरदिवसा पेटला होता. “काय जळून राहिलं रे तिकडं?” “काही नाही वं आई, सण आहे.” तो भिंतीआड दबून कुजबुजत होता. मागं काहीतरी धडाडलं. “पाडव्याले दाखवला, तोच?” “हो, तोच.” पोळ्याला कुठलं आलं नवीन वर्ष? गिरजाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. “मंग कर साजरा. जाळाजवळ नको जाऊ बापा.” फोन कटला. खाली लोक ओरडत होते, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” एरवी वरूनच हात जोडणाऱ्या गिरजाबाई अनवाणी खाली धावल्या आणि ऊर फुटेस्तोवर ओरडू लागल्या.