जेवतानाचं मौन

वैजयंतीचा पहिला घास तोंडात गेला, आणि शेजारच्या कुलथ्यांनी तिचा लॅपटॉप बिनदिक्कत स्वतःकडे ओढला. परीक्षक जेवायला बाहेर गेले होते, आणि जेवताना न बोलण्याचं तिचं व्रत अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"थँक्यू हं, मौनीबाई!" तिची सगळी सेटिंग्ज पेनड्राइव्हवर घेत कुलथे हसले. "प्लॅनिंग हेडच्या खुर्चीत माणूस लागतो, टाळकुट्या नाही. सांगा तुमच्या देवाला."

त्या खुर्चीला दोघंच उमेदवार होते. आजच्या परीक्षेत जो वर राहील, त्याची ती. हॅम्बुर्गमधल्या एका काल्पनिक कारखान्याचं कच्च्या मालापासून विक्रीपर्यंतचं नियोजन सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं होतं.

वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने डबा संपवला, हात धुतले आणि मगच स्क्रीनकडे पाहिलं. अगं बाई! वर्षानुवर्षांच्या सवयीने तिने हॅम्बुर्गच्या कारखान्यालाही खंडेनवमीला यंत्रपूजेची सुट्टी देऊन टाकली होती. जीभ चावत तिने ती काढली.

कुलथ्यांना सांगावं? मौन तर आता सुटलं होतं. तिने तोंडात बडीशेप टाकली.

संध्याकाळी परीक्षकांनी कुलथ्यांच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हॅम्बुर्गला खंडेनवमी? हे तुम्ही केलंत?"

"हो... म्हणजे मीच, सर."

"छे हो, सर," वैजयंती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "ते कशाला करतील? ते तर देवच मानत नाहीत."