उलटीची गोळी

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ताराचंदचं हर्नियाचं ऑपरेशन ऐनवेळी रद्द झालं. तो मात्र चारचौघांत सांगतो, रद्दबिद्द काही नाही, डॉक्टरच घाबरला.

भुलेनंतर उलटी होऊ नये म्हणून नर्सने एक गोळी दिली होती. सकाळी उपाशीपोटी, घोटभर पाण्यासोबत घ्यायची. बायको तुळजाबाई हसली. "उलटीची गोळी अन् पोट खाली? मंग ते काय हवा थांबवीन? खाऊन घ्या जी, नाही तं गोळी वाया जाईन."

एवढं शास्त्र घरातच असल्यावर ताराचंद दोन प्लेट तर्रीपोहे हाणून स्ट्रेचरवर चढला. त्याच्या मिशीवरची तर्री पाहून भूलतज्ज्ञाने हातच जोडले.

ठणकता हर्निया तळहाताने दाबून धरत ताराचंदने दवाखान्यात रीतसर अर्ज दिला :



"पुढील ऑपरेशन जेवणानंतर ठेवावे, ही नम्र विनंती."