बारा इंचांत एक फेरा

"गोळी नुसती पुढं जात नाही पोरी, गिरकी घेत जाते. गिरकी कमी पडली की ती हवेत दारुड्यासारखी डुलते."

बाबा काडतुसं भरता भरता असं काहीबाही बोलायचे आणि डॅग्नी टेबलाखाली बसून ऐकायची. बाबा गेले, आवाज तेवढा राहिला. आज त्यांचीच रायफल खांद्याला लावून ती ऑर्लोकाकाच्या कुरणात पालथी पडली होती. काळीज इतकं उड्या मारत होतं, की समोरच्या कागदावरचा काळा ठिपकाही तिच्याबरोबर उडत होता.

"श्वास घे की," मागून ऑर्लो म्हणाला. तो बाबांचा जुना शिकारसोबती. "कागद आहे तो. पळून जाणार नाही."

"काका, शनिवारी हंगाम उघडतोय!"

"सकाळपासून तेच चाललंय. माझ्या गाईंनासुद्धा पाठ झालं."

पाठ होणारच. रानएडक्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो, आणि मोंटानात माणसं म्हातारी होतात तरी नाव निघत नाही. डॅग्नीचं निघालं होतं. गेल्या रविवारी मिझुरी नदीकाठच्या कड्यांत तिनं एडका पाहूनही ठेवला होता. शिंगांचा पुरा वेढा, आणि उन्हात असा उभा, जसा काही सारा डोंगर त्याच्याच नावावर आहे.

तिनं पाच गोळ्या झाडल्या आणि कागदाकडे जवळजवळ पळतच गेली.

भोकं नव्हतीच. लांबट, आडव्या चिरा होत्या. एका गोळीचा तर बुडापासून टोकापर्यंत अख्खा आकार कागदावर उमटला होता. पाचवीचा पत्ताच नव्हता.

"कुऱ्हाड मारलीस काय कागदाला?" ऑर्लोनं डोळे बारीक केले. "गोळी कुठली घेतलीस?"

तिनं खिशातून एक काढून दाखवली. लांब, जड, सुईसारख्या टोकाची. "लांबचा नेम धरणारे सगळे हीच घेतात. वारा कापत जाते."

"गोळी झकास आहे. पण नळीला विचारलंस का?"

त्यानं साफसफाईच्या सळईला चिंधी घट्ट गुंडाळली, सळईवर खडूनं खूण केली आणि ती नळीत सारली. आतल्या पेचदार खाचांना धरून सळई वळत वळत आत गेली. खूण पुरती फिरून पुन्हा वर आली, तिथं ऑर्लोनं अंगठा टेकवला.

"माप."

सळई किती आत गेली ते डॅग्नीनं पट्टी लावून मोजलं. बारा इंच.

"बारा इंचांत एक फेरा. तुझ्या या लांबुळकीला आठ इंचांत लागतो. एवढ्या लांब गोळीला पुरेल इतकी गिरकी या नळीत नाहीच."

"असं कसं? बाबांनी याच नळीतून सहाशे यार्डांवरचा एडका पाडला! म्हणून तर मी मोजली नाही. सहाशेला पोचते म्हणजे आठाचीच असणार, असं धरून चालले."

ऑर्लोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग आपल्या डब्यातली आखूड, हलक्या गोळ्यांची काडतुसं तिच्या हातावर ठेवली. "ही घाल."

पुन्हा पाच गोळ्या. या खेपेला बाटलीच्या बुचाखाली पाचही भोकं झाकली गेली. डॅग्नी किंचाळली. म्हाताऱ्याला तिनं असं कवटाळलं की त्याचा चष्मा वाकडा झाला.

"बघितलंस? रायफल शहाणी आहे, मीच वेडी! आणि सहाशेला?"

"सहाशेला वारा हिला पाचोळ्यासारखं नेईल. दोनशेच्या आत ये, मग ही तुझी."

"त्या कड्यांत दोनशेच्या आत? उघडा डोंगर, आणि एडका मैलावरून माणूस ओळखतो."

"मग माझी रायफल ने. नळी आठाची आहे. तुझी लांबुळकी तिच्यातून सरळ जाईल. दोन दिवस सराव कर."

डॅग्नी रायफलीच्या दस्त्याकडे बघत राहिली. बाबांचा गाल टेकायचा तिथलं लाकूड झिजून मऊ, फिकट झालं होतं. तिचा गालही नेमका तिथंच बसत होता. इतकी वर्षं अर्ज भरताना तिनं ही रायफल सोडून दुसरी कुठली मनातसुद्धा आणली नव्हती.

"बाबांना जमलं ते मला जमणारं नाही," ती म्हणाली. तिनं हात पुढं केला. "दे तुझी. जनावर जखमी होऊन रानात मरायला नको."

ऑर्लोनं रायफल दिली नाही.

"सहाशे नव्हते, पोरी."

"मग? पाचशे?"

"गावच्या गुत्त्यात गोष्ट रंगवता रंगवता दर हिवाळ्याला पन्नास यार्ड वाढत गेले. तुझा बाप, हॅल्वर, नुसता हसायचा, म्हणून मीही तोंड मिटून बसलो." तो कड्यांकडे बघत होता, आणि त्याचा आवाज एकदम तरण्या माणसासारखा घाईला आला. "हॅल्वर बूट काढून, मोज्यांवर, अख्खी दुपार पोटानं सरपटला. मी पलीकडच्या कड्यावर, मोठी दुर्बीण एडक्यावर रोखून. गोलात जेमतेम एडकाच मावत होता, चरत होता. मग त्याच गोलात, खालच्या कडेला, हॅल्वरची टोपी आली. आणि मी दुर्बीण तसूभरसुद्धा हलवली नव्हती."